दोन ‘चालतंय’च्या मध्ये सापडलेला बग

मंडळी, आजच्या विषयाची पाटी वाचून काहींना वाटलं असेल, सर आता संगणकाचा क्लास घेणार. तसं काही नाही. आम्हाला प्रोग्रॅम लिहिता येत नाही आणि या वयात शिकायची हौसही नाही. आमचं आयुष्य गेलं ते दावा, पुरावा आणि वाद या तीन गोष्टी शिकवण्यात. लिनक्सच्या जगात ज्याला ‘बग रिपोर्ट’ म्हणतात, त्यात या तिन्ही गोष्टी आजही रोज, जगभर, फुकट आणि उघड्यावर चालतात. तेव्हा एखाद्या निबंधाकडे बघावं तसं आज आपण या लेखनप्रकाराकडे बघू. कौतुक आहे ते करू, खोट आहे तीही सांगू.

ज्यांचा लिनक्सशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्यानं एका ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा लिहिला आणि तो सगळ्यांना उघडा करून दिला. त्या गाभ्याभोवती डेबियन, फेडोरा, उबुंटू अशा घडणी उभ्या राहिल्या. पडद्यावर जी खिडक्या-मेनूंची मांडणी दिसते ती नोम किंवा केडीई यांसारख्या गटांची. कोणी एक मालक नाही. काही बिघडलं तर ते कुठं सांगायचं याची जागा ठरलेली असते, आणि सांगितलेलं सगळ्यांना वाचता येतं. डेबियननं तर १९९७ सालच्या आपल्या सामाजिक करारातच लिहून ठेवलंय की आम्ही आमच्या अडचणी लपवणार नाही. सामाजिक करार! रूसोनं हे ऐकलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं.

आता ‘बग’ हा शब्द. १९४७ साली हार्वर्डच्या मार्क टू या यंत्रात एक पतंग अडकला, तो काढून नोंदवहीत चिकटवला, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. गोष्ट खरी आहे, शब्द मात्र त्याहून जुना. एडिसन तो १८७८ सालीच वापरत होता. पण या पतंगानं एक गैरसमज करून ठेवला. बग म्हणजे यंत्रात बाहेरून शिरलेली वस्तू, ती चिमट्यानं धरायची आणि काढायची, असं लोकांना वाटतं. आमचं म्हणणं असं, की बग ही वस्तूच नव्हे. जे घडतंय आणि जे घडायला हवं, यांच्यातलं अंतर म्हणजे बग. घडतंय काय, हे यंत्र दाखवतं. घडायला काय हवं, हे मात्र माणसालाच सांगावं लागतं. आणि ते सांगणारा माणूस नसेल, तर यंत्र कितीही चुकलं तरी तिथं बग नाही, नुसती वस्तुस्थिती आहे.

इथं आपल्या कोल्हापूरचा संबंध येतो. आपल्याकडचा एक शब्द आता महाराष्ट्रभर गेलाय: ‘चालतंय की’. चहात साखर कमी पडली, चालतंय की. एसटी तासभर उशिरा, चालतंय की. माणूस म्हणून हा मोठा गुण आहे, आम्ही त्याची थट्टा करत नाही. पण बग रिपोर्टचा याच्याइतका मोठा शत्रू दुसरा नाही. आणि गंमत बघा, समोरच्या बाजूला, प्रोग्रॅमरांच्या गावातही असाच एक शब्द आहे. बगझिला नावाची नोंदवही बरेच प्रकल्प वापरत आलेत. तिच्यात तक्रार बंद करायचा एक अधिकृत शेरा होता: ‘वर्क्स फॉर मी’. म्हणजे, माझ्याकडे चालतंय. (हशा.) वापरणारा म्हणतो चालतंय की, बनवणारा म्हणतो माझ्याकडे तर चालतंय. या दोन ‘चालतंय’च्या मध्ये जे सापडतं ते वर्षानुवर्षं तसंच राहतं.

हे हवेत बोलणं झालं. एक मराठी उदाहरण घेऊ.

‘आचार्यांना दक्षिणा द्या’ आणि ‘आचाऱ्यांना दक्षिणा द्या’. एका वाक्यात पैसे गुरूला जातात, दुसऱ्यात स्वयंपाक्याला. फरक कशाचा? रफाराचा आणि त्या आडव्या, पापणीसारख्या अर्ध्या र-चा. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या. हिंदीला या पापणीची गरज नाही, संस्कृतलाही नाही, मराठीला आहे. अशा अक्षरांचं संगणकात काय होतं, ते पाहण्यासारखं आहे.

युनिकोडमध्ये ही पापणी दोन वाटांनी मिळते. एक वाट अशी: र, हलन्त, मग झीरो विड्थ जॉइनर नावाचं एक अदृश्य चिन्ह, आणि पुढचं अक्षर. दुसरी वाट: खाली टिंब असलेला ऱ, हलन्त, पुढचं अक्षर. हा टिंबाचा ऱ युनिकोडच्या तक्त्यात आहे तो द्राविडी भाषांतला एक विशिष्ट र देवनागरीत उतरवण्यासाठी. त्याचं अर्धं रूप म्हणजे आपली पापणी, असं तिथंच शेजारी नोंदवलंय. म्हणजे आचाऱ्याची पगडी आपण शेजाऱ्याच्या खुंटीवर अडकवली आहे. अडकवायला हरकत नाही. पण दोन्ही वाटांनी पडद्यावर दिसतं ते अगदी एकसारखं, आणि यंत्राच्या लेखी मात्र ते दोन वेगळे शब्द. ‘कऱ्हाड’ एकानं एका वाटेनं लिहिलं, दुसऱ्यानं दुसऱ्या वाटेनं शोधलं, तर साधा अक्षराला अक्षर जुळवणारा शोध म्हणतो, असं गाव नाही. इथून सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरवर आहे हो ते!

आता सांगा, हा बग कोणाचा? कळफलकाचा आराखडा करणाऱ्याचा? शोध लिहिणाऱ्याचा? प्रमाण ठरवणाऱ्या युनिकोडचा? की दोन पिढ्या दोन सवयींनी टाइप करणाऱ्या आपला? अक्षर पडद्यावर उमटेपर्यंत किमान चार हातांतून जातं. कळ दाबली की कळफलकाचा नकाशा त्याचा संकेत करतो. त्या संकेतांची जोडाक्षरं लावायचं काम एक वेगळा प्रोग्रॅम करतो. लिनक्सवर आज हे काम बहुतेक ठिकाणी हार्फबझ करतो. नाव फारसी आहे, ‘हर्फ’ म्हणजे अक्षर आणि ‘बाज़’ म्हणजे उघडा. मग फाँट आकार देतो. मग तुमचा ॲप्लिकेशन तो आकार जागेवर बसवतो. आपल्याला दिसतं एकच, ‘अक्षर तुटलंय’. पण तक्रार फाँटवाल्याकडे नेली तर तो म्हणतो जोडणाऱ्याकडे जा, जोडणारा म्हणतो फाँटमध्ये नियमच नाही. सरकारी कचेरीत टेबलं फिरलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. एक फरक मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवा. इथं टेबलामागचा माणूस बहुधा बिनपगारी असतो, तुमचा कागद हरवत नाही, आणि कोणी काय शेरा मारला तो तुम्हाला दिसतो.

दुसरं उदाहरण आम्हाला जास्त शिकवून गेलं. ‘ॲ’ हे अक्षर. ॲसिड, ॲल्युमिनियम, आणि आपल्या शहरात तर घरोघरी ‘ॲड.’. सर्किट बेंच आल्यापासून, म्हणजे २०२५च्या ऑगस्टपासून, पाट्या वाढल्यातच. (हशा.) तर हे मराठीत रोज लागणारं अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आलं ते ५.१ या आवृत्तीत, २००८ साली. त्याआधी हिंदीच्या पद्धतीचा ‘ऍ’ होता, ए-वर चंद्र असलेला. मराठी माणसानं काय केलं? अ टाइप केला, त्यावर वेगळा चंद्र ठेवला, आणि चालतंय की. लाखो शब्द असे लिहिले गेले. २००८ नंतरही हात तसेच चालत राहिले, कारण दिसायला काही फरक नव्हता.

मग काय झालं? युनिकोडचं म्हणणं असं, की स्वरावर दुसरी स्वरखूण चिकटवून नवा स्वर करू नका. त्यासाठी ठरलेलं अक्षर वापरा. कारण योग्य आहे. एकच दिसणाऱ्या दोन गोष्टी आत वेगळ्या असल्या की शोध बिघडतो आणि फसवणुकीलाही वाव मिळतो. पुढे हार्फबझनं हा नियम अंमलात आणला. अशी जोडी दिसली की मध्ये ठिपक्यांचं एक वर्तुळ दाखवायचं. झालं! काल नीट दिसणारा ‘अ आणि चंद्र’ सिस्टिम अद्ययावत केल्यावर वर्तुळ घेऊन उभा. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला, “सर, मराठी बिघडलं.” प्रोग्रॅमरांच्या दृष्टीनं मात्र त्या दिवशी मराठी दुरुस्त झालं होतं.

दोन्ही बाजू ऐकून आमचा निकाल असा. नियम बरोबर आहे, शिक्षा चुकीच्या माणसाला आहे. चुकीची जोडी टाइप केली लिहिणाऱ्यानं, कदाचित दहा वर्षांपूर्वी. वर्तुळ दिसतं ते आज वाचणाऱ्याला, आणि त्याच्या हातात काहीच नाही. लिहितानाच कळफलकानं योग्य अक्षर दिलं असतं तर हा प्रसंग आला नसता. दुरुस्ती जिथं करणं सोपं होतं तिथं झाली, जिथं करायला हवी होती तिथं नाही. दुरुस्ती या गोष्टीवर टीका करताना हा भेद फार उपयोगी पडतो; पीडब्ल्यूडीला लावून बघा.

आता आमच्या विषयाकडे येतो. चांगला बग रिपोर्ट कसा असतो? त्यात तीन गोष्टी हव्यात, हे या क्षेत्रातला कोणीही सांगेल: मी काय केलं, काय व्हायला हवं होतं, प्रत्यक्षात काय झालं. आणि पुन्हा तसंच घडवून बघता येईल अशा पायऱ्या. आमच्यातले जे न्यायदर्शन शिकलेत त्यांना इथं ओळखीचा वास आला पाहिजे. गौतमाच्या न्यायात अनुमान दुसऱ्याला पटवायचं तर पाच अवयव लागतात: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. डोंगरावर आग आहे. कारण धूर आहे. जिथं धूर तिथं आग, जशी स्वयंपाकघरात. विद्यार्थी नेहमी विचारायचे, सर, हे स्वयंपाकघर मध्येच कशाला? पाश्चात्त्य तर्कशास्त्रात तीन वाक्यांत काम होतं की. आम्ही सांगायचो, ते स्वयंपाकघर हाच सगळ्या प्रकाराचा जीव आहे. न्यायसूत्रांत दृष्टान्ताची व्याख्याच अशी आहे, की ज्या बाबतीत लौकिक आणि परीक्षक, म्हणजे साधा माणूस आणि तपासणारा जाणकार, या दोघांची समजूत एक होते तो दृष्टान्त.

लौकिक आणि परीक्षक. वापरणारा आणि मेंटेनर. दोन हजार वर्षांपूर्वीची ही जोडी आहे. बग रिपोर्ट म्हणजे दृष्टान्ताचा शोध. ‘मराठी नीट दिसत नाही’ ही नुसती प्रतिज्ञा झाली. धूर दिसला म्हणून ओरडणं झालं. ‘अमुक आवृत्तीत, अमुक फाँटमध्ये, हे चार संकेत या क्रमानं दिले की रफार येतो, पापणी यायला हवी’ असं लिहिलं, की फिनलंडमधला माणूसही आपल्या यंत्रावर तेच चार संकेत देतो आणि त्याला तोच रफार दिसतो. त्याला मराठी येत नाही, येण्याची गरजही नाही. दोघं एका स्वयंपाकघरात येऊन उभे राहिले. ‘माझ्याकडे चालतंय’ हा शेरा म्हणजे उद्धटपणाच असतो असं नाही. बऱ्याचदा त्याचा अर्थ एवढाच, की तुम्ही मला स्वयंपाकघराचा पत्ताच दिला नाही.

इथपर्यंत कौतुक. आता खोट.

पहिली खोट मुदतीची. उबुंटूच्या नोंदवहीत तक्रार ‘अपुरी’ ठरली आणि साठ दिवस कोणी काही बोललं नाही, तर ती आपोआप कालबाह्य होऊ शकते. फेडोराची एक आवृत्ती साधारण तेरा महिने सांभाळली जाते. तिची मुदत संपली की तिच्यावरच्या उरलेल्या तक्रारी एकगठ्ठा बंद होतात, नव्या आवृत्तीतही तोच दोष दिसतोय असं कोणी येऊन सांगितलं तरच पुढे चालतात. व्यवस्था म्हणून आम्हाला हे कळतं. माणसं थोडी, कागद फार. पण तर्क म्हणून हे टिकत नाही. एखादं विधान खरं असेल तर ते साठ दिवस कोणी न उच्चारल्यानं खोटं होत नाही. ‘बंद’ या शब्दात दोन अर्थ मिसळलेत: प्रश्न सुटला, आणि विचारणारा थकला. नोंदवहीत शेरे वेगवेगळे असतात हे खरं, पण वरून मोजणी करणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात. आणि थकतो कोण आधी? ज्याला इंग्रजीत उत्तर लिहायला अर्धा दिवस लागतो तो.

दुसरी खोट एका प्रसिद्ध सिद्धान्ताची. एरिक रेमंड यांनी १९९७ साली मांडलेल्या निबंधात टोरवाल्ड्स यांच्या नावानं एक नियम सांगितला: डोळे पुरेसे असतील तर सगळे बग उथळ होतात. उघड्या प्रणालीचा हा जणू महामंत्र झाला. २०१४ सालानं त्याला दोनदा तडा दिला. ओपनएसएसएलमधला हार्टब्लीड दोन वर्षं सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पडून होता. बॅश या रोजच्या प्रोग्रॅममधला शेलशॉक तर १९८९पासून, म्हणजे पंचवीस वर्षं. डोळे होते, बघत कोणी नव्हतं. आमचं म्हणणं आणखी एक पाऊल पुढचं आहे. बघूनही न दिसणं हा वेगळाच प्रकार आहे. आपल्याकडे निर्विकल्पक आणि सविकल्पक असे प्रत्यक्षाचे दोन भेद करतात. नुसतं काहीतरी दिसणं वेगळं, आणि ‘हे अमुक’ असं ओळखून दिसणं वेगळं. ‘आचार्यांना’वरचा रफार हजार फिनिश डोळ्यांना दिसला तरी तो निर्विकल्पकच राहणार. त्यांच्या लेखी ते एक सुबक नक्षीकाम आहे. तिथं आचारी उपाशी राहिला हे ओळखायला मराठी वाचणारा एकच डोळा पुरतो, पण तो हवा.

तो होता का? होता, आणि हे सांगितलं नाही तर अन्याय होईल. आपल्याच राज्यात पुण्याला रेड हॅटची कचेरी आहे, आणि तिथल्या माणसांनी भारतीय भाषांच्या फाँटांवर, भाषांतरावर वर्षानुवर्षं काम केलंय. लोहित नावाचे फाँट रेड हॅटनं उघडे केले. २०११पासून ते ओपन फाँट लायसन्सखाली आहेत. लोहित म्हणजे लाल, लाल टोपीवाल्यांचा फाँट म्हणून लोहित. नाव ठेवणाऱ्याला संस्कृतही येत होतं आणि विनोदही. लोहितमध्ये मराठीचा फाँट एके काळी वेगळा होता, पुढे तो देवनागरीच्या एकाच फाँटमध्ये सामावला गेला. का वेगळा होता, हे बघण्यासारखं आहे. आपला ल पाकळ्यांचा, हिंदीचा ल दंडाचा. श-चंही तसंच. ६ नोव्हेंबर २००९च्या शासननिर्णयानं मराठीची वर्णमाला प्रमाणित केली, तेव्हा आपले आकार कोणते हेही सांगितलं.

आता एकच फाँट दोन्ही आकार पोटात घेऊ शकतो. मजकूर मराठी आहे असं त्याला कोणी सांगितलं, तर तो पाकळ्यांचा ल काढतो. पण सांगणार कोण? तुमची सिस्टिम इंग्रजीत लावलेली असेल आणि ॲप्लिकेशननं भाषा कळवली नसेल, तर फाँटला देवनागरी एवढंच कळतं, आणि तो आपल्या मूळ आकारावर जातो. तांत्रिक भाषेत यात कोणीच चुकलेलं नाही! प्रत्येक प्रोग्रॅम नियमाप्रमाणे वागतोय. तरी परिणाम असा, की मराठी शाळेतलं पोर वहीत एक ल गिरवतं आणि पडद्यावर दुसरा वाचतं. बग म्हणजे वस्तू नव्हे, अंतर, असं आम्ही सुरुवातीला म्हणालो ते याच्यासाठी. चिमट्यानं धरायला इथं पतंग नाहीच. ‘हे असं नको, असं हवं’ असं म्हणणारं कोणी नसेल, तर वीस वर्षांनी दंडाचा ल हाच मराठीचा ल होईल, आणि तो कोणी ठरवून केलेला नसेल. भाषा बदलतात, त्याचं दुःख नाही. बदल बोलणाऱ्यांनी केला तर ती उत्क्रांती. यंत्राच्या मूळ सेटिंगनं केला आणि आपण ‘चालतंय की’ म्हणालो, तर त्याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

शेजाऱ्यांकडे बघू. मल्याळममध्ये चिल्लू नावाची अक्षरं आहेत, शेवटी स्वर नसलेली व्यंजनं. ती युनिकोडमध्ये स्वतंत्र द्यायची की जुळवून लिहायची यावर तिथं वर्षानुवर्षं भांडण झालं. स्वतंत्र मल्याळम कंप्युटिंग या गटातली पोरं, भाषेचे अभ्यासक, फाँट करणारे, सगळे त्यात उतरले. पानंच्या पानं युक्तिवाद लिहिले गेले. अखेर स्वतंत्र चिल्लू आले ते कुठल्या आवृत्तीत? त्याच ५.१मध्ये, २००८ साली, जिच्यात आपला ॲ आला. निकाल सगळ्यांना पटला असं नाही. पण आज कोणत्याही अभ्यासकाला तो वाद पूर्वपक्ष आणि उत्तरपक्षासह वाचता येतो. आपल्या ॲ-वर असा जाहीर वाद मराठी मासिकांत, साहित्य संमेलनात, विद्यापीठांच्या परिसंवादात झालेला आमच्या तरी वाचनात नाही. ऱ्हस्व-दीर्घावर मात्र आपण एकमेकांची डोकी फोडू. केरळात सरकारी शाळांतून लिनक्स शिकवलं जातं याचाही इथं संबंध असणार. ज्या यंत्रावर पोरगं शिकलं त्याच्यातली खोट त्याला आपली वाटते.

मराठीच्या विभागांना आमचं म्हणणं आहे. पाठचिकित्सा तुम्ही शिकवता. पोथीत लेखनिकानं कुठं काना गाळला, कुठल्या प्रतीत कोणता पाठ, हे काढण्यात तुमची हयात गेली. आज सगळ्यात मोठा लेखनिक यंत्र आहे, आणि तो रोज काने गाळतोय. त्याच्या चुकांची नोंद करणं हे पाठचिकित्सेचंच काम. एम.ए.च्या मुलाला एक ज्ञानेश्वरीची पोथी द्या आणि एक बग नोंदवायला द्या. दोन्हीला शिस्त तीच लागते: जे दिसतं ते आधी जसंच्या तसं लिहा, मत नंतर.

आणि हो, तक्रारीच्या नावाखाली जाहीरनामा लिहू नका, असंही आम्ही सांगणार होतो. पण तिथं आमची अडचण होते. उबुंटूच्या नोंदवहीतला पहिल्या क्रमांकाचा बग तिचे संस्थापक मार्क शटलवर्थ यांनी २००४च्या ऑगस्टमध्ये नोंदवला: बाजारात मायक्रोसॉफ्टचा वाटा सगळ्यात मोठा आहे. हा काही प्रोग्रॅममधला दोष नव्हे, जगातला दोष! आणि त्यांनी रिवाजाप्रमाणे पायऱ्याही दिल्या होत्या: जवळच्या संगणकाच्या दुकानात जा आणि बघा. २०१३ साली, फोन आणि टॅब्लेटनी बाजारच बदलून टाकल्यावर, तो त्यांनीच बंद केला. जाहीरनामा आहे खरा, पण स्वयंपाकघराचा पत्ता दिलेला आहे. पास करायला हरकत नाही.

(श्रोत्यांतून प्रश्न: सर, आपण एवढं लिहून पाठवायचं आणि कुणी दखलच घेतली न्हाई तर?)

घेणार नाहीत, कधी कधी. त्याला दोन उत्तरं. एक, दखल घेतली नाही हेही तिथं सगळ्यांना दिसतं. बंद कंपनीच्या हेल्पलाइनवर तुम्ही काय बोललात ते तुमच्यानंतर कोणालाच वाचता येत नाही. इथं पाच वर्षांनी नागपूरचं एखादं पोर तोच दोष शोधत येईल आणि त्याला तुमचा कागद सापडेल. दुसरं, तुमच्याआधी कोणी लिहून ठेवलंय का ते बघा. असेल तर नवीन अर्ज टाकू नका, त्याच्याखालीच ‘मलाही हेच दिसतं, माझी आवृत्ती अमुक’ एवढं लिहा. दुसरा साक्षीदार उभा राहिला की खटल्याचं वजन बदलतं.

(प्रश्न: आणि इंग्रजी?)

चार वाक्यांचं लागतं. आज घरी जाऊन करून बघा. मजकूर लिहिण्याचा प्रोग्रॅम उघडा. ‘कऱ्हाड’ तुमच्या सवयीनं टाइप करा. मग दुसऱ्या कळफलकावरून तोच शब्द खाली टाइप करा. आता शोधात पहिला घाला, दुसरा सापडतो का बघा. सापडला तर आनंद आहे. नाही सापडला, तर प्रोग्रॅमचं नाव, त्याची आवृत्ती, दोन्ही शब्दांचे संकेत, आणि ‘दोन्ही सापडायला हवेत’ हे एक वाक्य. संकेत कसे काढायचे ते या पोरांना विचारा, त्यांना येतं. बरोबर पडद्याचं चित्र जोडा. आणि अक्षरात ठिपक्यांचं वर्तुळ आलं असेल तर चित्रावर त्याभोवती लाल पेननं आणखी एक वर्तुळ काढू नका. समोरचा माणूस मराठी वाचत नाही. तो दुसऱ्या वर्तुळालाही अक्षरच समजेल. (हशा.)